जळगावात मानसशास्त्र घेऊन बी. ए. : प्रवेशापासून पदवीपर्यंत

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या बी. ए. च्या शेवटच्या सत्राचा निकाल जून २०२५ मध्ये लागला आणि मानसशास्त्र हा मुख्य विषय घेऊन माझी पदवी पूर्ण झाली. त्यानंतर धरणगाव आणि एरंडोल तालुक्यांतल्या ओळखीच्या मुलींचे, काही वेळा त्यांच्या वडिलांचेही फोन येऊ लागले. हा विषय मराठीतून शिकता येतो का, खर्च किती येतो, प्रॅक्टिकलमध्ये नेमके काय करायचे असते आणि पदवीनंतर काय, हेच प्रश्न बहुतेकांच्या तोंडी असतात. प्रवेश घेताना मलाही हेच विचारायचे होते आणि विचारावे असे घरात किंवा नात्यात कोणी नव्हते, म्हणून तीन वर्षांत जे जसे घडले ते त्याच क्रमाने येथे लिहीत आहे.

बारावीचा निकाल ८ जून २०२२ रोजी लागला. माझी शाखा कला होती, पण अकरावी-बारावीला मानसशास्त्र नव्हते, कारण आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात तो विषयच शिकवला जात नव्हता. पदवीला हा विषय घेण्यासाठी तो बारावीला असावा लागतो, असा आमच्याकडे सर्वसाधारण समज आहे. तशी अट नव्हती आणि माझ्या वर्गात वाणिज्य व विज्ञान शाखेतून आलेल्या मुलीही होत्या. घरी मात्र प्रश्न वेगळाच होता. आमचे घर कोरडवाहू कापसावर चालते. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, विरोध केला नाही, पण "हाई शिकीसन काय करशी?" एवढे एक वाक्य ते दर दोन दिवसांनी विचारत राहिले. माझ्याजवळ त्या वेळी तयार उत्तर नव्हते. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने आदल्या वर्षी जिवाचे बरेवाईट करून घेतले होते आणि पुढचे कितीतरी दिवस गावातली मोठी माणसे त्याविषयी बोलताना फक्त कर्ज, प्रेम किंवा बाहेरची बाधा या तीनच कारणांभोवती फिरत होती. या पलीकडे काही जाणून घेण्याची रीत असली पाहिजे, असे मला वाटत होते आणि ती रीत शिकायची होती. एवढेच मी त्यांना सांगितले.

प्रवेशाची कागदपत्रे जून संपण्याआधी गोळा करावी लागली. बारावीची मूळ गुणपत्रिका निकालानंतर आठवडाभराने हातात येते आणि शाळा सोडल्याचा दाखला त्यानंतरच मिळतो. त्याशिवाय जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, आधार आणि बँकेचे पासबुक लागते. उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून काढताना एका वर्षाचा आणि तीन वर्षांचा असे दोन प्रकार असतात, हे तेथे कोणी आपणहून सांगत नाही. शिष्यवृत्तीचे नूतनीकरण दरवर्षी करायचे असल्याने तीन वर्षांचाच मागून घ्यावा. त्यासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो आणि पेरणीच्या दिवसांत तलाठी गावात सापडणे अवघड असते, तेव्हा हे काम मे महिन्यातच उरकलेले बरे.

पहिल्या वर्षाचे शुल्क साडेतीन हजारांच्या आसपास होते आणि प्रयोगशाळेचे शुल्क पुढे दुसऱ्या वर्षापासून वेगळे भरावे लागले. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचा असतो. माझा अर्ज महाविद्यालयाकडून वेळेत मंजूर झाला, पण रक्कम मात्र पुढच्या शैक्षणिक वर्षापर्यंत खात्यावर आली नाही, कारण माझे खाते आधारशी जोडलेले असले तरी शासकीय रक्कम जमा होण्यासाठी लागणारी स्वतंत्र जोडणी बँकेने केलेली नव्हती. आधार दिलेला असणे आणि थेट लाभासाठी तेच खाते निवडलेले असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. बँकेत जाऊन दुसऱ्या बाबीचा अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. मी पोच घेतलेली होती, म्हणूनच पुढे शाखेत माझे म्हणणे ऐकले गेले.

प्रवासाच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगते. गावाहून धरणगावपर्यंत एस. टी. आणि तेथून जळगावपर्यंत सुरत–भुसावळ मार्गावरची गाडी, असा माझा रोजचा प्रवास होता. राहत्या ठिकाणाहून महाविद्यालयात जाण्यासाठी मुलींना पदवीपर्यंत रेल्वेचा द्वितीय श्रेणीचा मासिक पास मोफत मिळतो. त्यासाठी महाविद्यालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. माझ्याबरोबरच्या कित्येक मुली पहिल्या सत्रात पैसे भरून पास काढत होत्या. एस. टी. चा विद्यार्थी पास सवलतीत मिळतोच, शिवाय १७ मार्च २०२३ पासून महिलांना सरसकट निम्मे भाडे झाल्यामुळे सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयात जाणेही परवडू लागले.

तासिका ऑगस्टमध्ये, कानबाईच्या रोटांच्या सुमारास सुरू झाल्या. पहिल्या वर्षी मानसशास्त्र हा इतर विषयांच्या बरोबरीचा एक विषय असतो आणि त्यात सामान्य मानसशास्त्राची ओळख होते. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिग येथे प्रयोगशाळा काढली आणि तेव्हापासून हा विषय तत्त्वज्ञानापासून वेगळा होऊन स्वतःच्या पायावर उभा राहिला, येथून सुरुवात झाली. भारतात कलकत्ता विद्यापीठाने १९१६ मध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. त्याच वर्षी आमच्या शेजारच्या अमळनेरला प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले होते, हे मॅडमनी सांगितले तेव्हा वर्गातल्या अमळनेरच्या मुली खूश झाल्या. ज्या वास्तूवरून आम्ही लहानपणापासून ये-जा करत होतो ती या ज्ञानाच्या इतिहासाशी इतक्या जवळून लागून आहे, याचा मला मनापासून आनंद झाला.

पहिल्या वर्षाचा खरा अडसर भाषेचा होता. उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते आणि मी ती तिन्ही वर्षे मराठीतच लिहिली. परंतु मराठी पुस्तकांमध्ये पारिभाषिक शब्द एकसारखे नसतात. "इंडिपेंडंट व्हेरिएबल"ला एकीकडे स्वतंत्र चल म्हटलेले असते, तर दुसरीकडे स्वतंत्र परिवर्त्य. मॅडमच्या सूचनेवरून मी एका वहीत दोन रकाने आखून मराठी संज्ञा आणि तिच्यासमोर इंग्रजी संज्ञा अशी यादी पहिल्या आठवड्यापासून ठेवली. ती वही शेवटच्या वर्षी संदर्भ शोधताना आणि पुढे एम. ए. च्या प्रवेश परीक्षेला सर्वांत जास्त कामी आली. ज्यांना पुढे शिकायचे आहे त्यांनी हे काम टाळू नये.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे जून २०२३ मध्ये, स्पेशल, म्हणजे मुख्य, विषय निवडायचा असतो. आमच्या महाविद्यालयात प्रयोगशाळेतील साहित्याच्या मर्यादेमुळे मानसशास्त्र स्पेशलला ठरावीकच जागा होत्या आणि निवड पहिल्या वर्षाच्या गुणांवर झाली. यादी लागेपर्यंतचे दोन आठवडे मला फार जड गेले, कारण नाव आले नसते तर इतिहास किंवा मराठी घ्यावे लागले असते. तेव्हा पहिल्या वर्षाचे गुण पुढे मोजले जात नाहीत, असे कोणी म्हटले तर त्यावर विसंबून राहू नये.

या विषयात प्रॅक्टिकल असते हे बाहेरच्या माणसांना ठाऊक नसते. माझ्या मते मानसशास्त्र खऱ्या अर्थाने तेथेच शिकले जाते. प्रत्येक प्रयोगात एक प्रयोगकर्ता आणि एक प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो, अशी जोडी असते. समस्या, अभ्युपगम (आधी मांडलेला अंदाज), साहित्य, सूचना, कार्यपद्धती, निरीक्षण तक्ते, प्रयुक्ताचे अंतर्निरीक्षण आणि निष्कर्ष या क्रमाने जर्नल लिहावे लागते. म्युलर-लायर भ्रमाची (सारख्याच लांबीच्या रेषा लहान-मोठ्या भासण्याची) पट्टी, आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवण्याचे उपकरण, निरर्थक शब्दावयवांच्या याद्या असे साहित्य आमच्या प्रयोगशाळेत होते. आरशाच्या प्रयोगात हात थेट दिसत नाही, आरशातलाच दिसतो. त्यामुळे चांगले अक्षर असलेली माणसेही कोपऱ्यावर येऊन अडतात आणि धातूची लेखणी रेषेबाहेर गेली की गणकावर चूक नोंदली जाते. एका हाताने सराव केल्यावर दुसऱ्या हाताचेही काम सुधारते, हे प्रत्यक्ष आकड्यांत उतरलेले पाहताना पुस्तकातला परिच्छेद पुन्हा वाचण्याची गरज उरत नाही.

यातला एक प्रयोग मला अधिक सविस्तर सांगायचा आहे. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगावर तो आधारलेला आहे. एका कार्डावर रंगांचे नुसते ठिपके असतात आणि दुसऱ्यावर रंगांची नावे, पण ती भलत्याच रंगात लिहिलेली. "लाल" हा शब्द हिरव्या शाईत, "निळा" हा पिवळ्या शाईत. प्रयुक्ताने शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा आणि आपण वेळ मोजायचा. दुसऱ्या कार्डाला वेळ जास्त लागतो, कारण वाचणे इतके अंगवळणी पडलेले असते की शब्द डोळ्यांसमोर आला की तो आपोआप वाचला जातो आणि रंगाच्या नावाशी त्याची ओढाताण होते.

दिवाळीच्या सुट्टीत, कापूस वेचणीच्या दिवसांत, मी स्केचपेनने तशी देवनागरी कार्डे तयार करून घरी सराव केला. नववीतल्या भावाने ठिपके भराभर सांगितले आणि दुसऱ्या कार्डावर तो पहिल्याच ओळीत अडखळू लागला. शेजारी कापसातली सरकी निवडत बसलेली आजी म्हणाली, "रंगच सांगाना शे ना?" आणि तिने कार्ड मागून घेतले. आजीला अक्षरओळख नाही. तिने दुसरे कार्डही जवळजवळ ठिपक्यांच्याच गतीने, एकदाही न थांबता, वरपासून खालपर्यंत सांगून टाकले. तिच्यासाठी ती अक्षरे म्हणजे रंगवलेल्या आकृत्याच होत्या, ओढाताण करायला आत काही नव्हतेच. मी बराच वेळ घड्याळाच्या आकड्यांकडे पाहत राहिले. प्रयोगाच्या अटींप्रमाणे प्रयुक्त साक्षर असावा लागतो, त्यामुळे ही नोंद जर्नलमध्ये गेली नाही. पण मॅडमनी ती वर्गात फळ्यावर मांडायला लावली आणि अडथळा रंगातून नव्हे तर वाचनाच्या सवयीतून येतो, हे त्या दिवशी सगळ्या वर्गाला एकाच तासात समजले. आजीच्या निरक्षरतेविषयी मी आजवर फक्त हळहळ ऐकली होती. येथे मात्र तिच्याकडे असलेल्या एका गोष्टीमुळे आम्हाला काहीतरी शिकायला मिळाले, आणि याचे मला आजही मोल वाटते.

जर्नलविषयी तीन व्यावहारिक गोष्टी. प्रयोग झाला त्याच दिवशी संध्याकाळी तो लिहून काढावा, कारण प्रयुक्ताने शेवटी सांगितलेले अंतर्निरीक्षण दुसऱ्या दिवशी तसेच आठवत नाही. आणि प्रत्येक प्रयोगावर शिक्षकांची सही व तारीख तेव्हाच घ्यावी, कारण जर्नल प्रमाणित झाल्याशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही आणि शेवटच्या आठवड्यात सह्यांसाठी विभागाबाहेर रांग लागते. तिसरे म्हणजे आकडे जसे आले तसेच लिहावेत. अपेक्षित निष्कर्ष न आल्यास आकडे सरळ करण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु असे का झाले असावे याची चर्चा लिहिली तर गुण कमी होत नाहीत. शेवटच्या वर्षी बाह्य परीक्षकांनी तोंडी परीक्षेत मला विचारले, की स्ट्रूपचे कार्ड उलटे धरले तर काय होईल. आजीचे कार्ड डोळ्यांसमोर असल्याने उत्तर शोधावे लागले नाही: उलटी अक्षरे आपोआप वाचली जात नाहीत, म्हणून अडथळा कमी होईल.

संख्याशास्त्राची भीती घेऊन पुष्कळजण येतात आणि काहीजण त्यामुळेच स्पेशल बदलतात. दहावीनंतर माझाही गणिताशी संबंध तुटला होता. अभ्यासक्रमात मध्यमान, मध्यांक, बहुलक, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती दूर पसरतात ते) आणि सहसंबंध एवढ्याच गोष्टी असतात आणि साधे गणकयंत्र वापरता येते. आप्पांच्या वहीतले सलग काही वर्षांचे एकरी कापसाचे उतारे घेऊन मी प्रमाण विचलन काढायला शिकले. सरासरी ठीक असूनही आमच्या घरी कोणतेच वर्ष निश्चिंत का नसते, याचे उत्तर त्या एका आकड्यात होते. मी तो आप्पांना समजावून सांगितला तेव्हा त्यांनी वही जवळ ओढून पुन्हा पाहिली आणि त्यानंतर ते माझ्या अभ्यासाविषयी वेगळ्या प्रकारे विचारू लागले.

तिसऱ्या वर्षी अपसामान्य मानसशास्त्र, म्हणजे मनोविकारांचा अभ्यास, आले आणि त्याबरोबर एक अडचणही आली. दुश्चिंता, अवसाद (नैराश्य), छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) यांची लक्षणे वाचताना जवळपास प्रत्येकीला ती स्वतःत किंवा घरातल्या माणसांत दिसू लागतात. मॅडमनी पहिल्याच तासाला बजावले होते, की लक्षण किती काळ टिकते, किती तीव्र आहे आणि रोजच्या कामात किती आडवे येते, हे पाहिल्याशिवाय कोणत्याही माणसाला नाव चिकटवायचे नाही, आणि निदान करणे हे आमचे काम तर नाहीच. याच वर्षी २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा अभ्यासला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरावे आणि तिला शिक्षा न करता उपचार व पुनर्वसन द्यावे, असे या कायद्याचे कलम ११५ सांगते. ते कलम मी ग्रंथालयात बसून वाचले तेव्हा आमच्या गल्लीतल्या त्या घराची आठवण येऊन पुढचे वाचणे थोडा वेळ थांबवावे लागले. ज्यांच्या घरात असे काही घडलेले आहे त्यांनी हा अभ्यास सुरू करताना याचा विचार करावा आणि जड वाटल्यास शिक्षकांशी बोलावे. मी बोलले आणि त्याचा उपयोग झाला.

प्रकल्पासाठी मी एका ग्रामीण कनिष्ठ महाविद्यालयातील बारावीच्या विद्यार्थ्यांची परीक्षा-दुश्चिंता हा विषय घेतला. मुले अठरा वर्षांखालील असल्यामुळे प्राचार्यांच्या लेखी परवानगीबरोबर पालकांची संमतीही लागली. संमतिपत्रे वेचणीच्या हंगामात गोळा करायला ठरवल्यापेक्षा बराच जास्त काळ गेला, कारण पालक अंधार पडल्यावरच शेतातून परतत. चाचणीच्या प्रती महाविद्यालयाने विकत घेतल्या होत्या, छपाई आणि बांधणी धरून माझा स्वतःचा खर्च नऊशे रुपयांपर्यंत गेला. विषय निवडताना जिथे परवानगी मिळण्याची खात्री आहे तिथलाच नमुना निवडावा आणि परवानगीचे पत्र सत्राच्या पहिल्या महिन्यातच द्यावे.

या वर्षी गावात माझ्याकडे माणसे येऊ लागली. कोणाच्या सुनेला झोप लागत नव्हती, कोणाचा मुलगा घरात कोंडून बसला होता. "बेटा, तू मनाचं शिकतेस ना, जरा पाहा," असे शेजारच्या काकू म्हणत तेव्हा नकार देणे कठीण जाई. परंतु बी. ए. झालेला माणूस समुपदेशक किंवा चिकित्सक होत नाही, हे मी प्रत्येकाला सांगत आले. मनोविकारतज्ज्ञ हा आधी एम. बी. बी. एस. झालेला डॉक्टर असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण करून तिच्या नोंदवहीत नाव असावे लागते. मी ऐकून घेत असे, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक लिहून देत असे आणि जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो हे सांगत असे. टेली-मानस ही केंद्र शासनाची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. एका घरी मी काकूंच्या समोर बसून क्रमांक लावून दिला आणि पलीकडून बोलणे सुरू झाल्यावर ओट्यावर जाऊन बसले. भगताकडे जाणाऱ्या माणसांशी मी वाद घातला नाही. तिकडे जा, पण डॉक्टरांकडेही जा, एवढेच म्हटले, आणि त्यातले काहीजण खरोखर गेले.

जून २०२४ पासून पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांसाठी नवीन शैक्षणिक धोरणाची रचना लागू झाली आहे. त्यात मुख्य व गौण विषयांची निवड लवकर करावी लागते आणि तीन वर्षांच्या पदवीपुढे चौथे ऑनर्सचे वर्षही आहे, त्यामुळे माझ्या वेळचे विषयांचे क्रम त्यांना जसेच्या तसे लागू होणार नाहीत. श्रेयांक नोंदण्यासाठीचे ए. बी. सी. ओळखपत्र मात्र प्रवेश होताच काढून ठेवावे आणि त्यातले नाव गुणपत्रिकेवरील नावाशी अक्षरशः जुळते का ते पाहावे. वर्गातल्या दोघींच्या आधारवर वडिलांचे नाव वेगळ्या पद्धतीने लिहिलेले होते आणि ती दुरुस्ती होईपर्यंत त्यांचे निकाल दिसत नव्हते.

निकालानंतर महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणि तात्पुरते पदवी प्रमाणपत्र घ्यावे लागते. पुढे दुसऱ्या विद्यापीठात जायचे असेल तर स्थलांतर प्रमाणपत्राचा अर्ज निकालाच्याच आठवड्यात करावा, कारण जुलैमध्ये अर्जांची गर्दी होते आणि प्रवेशाच्या मुदती थांबत नाहीत. मूळ पदवी प्रमाणपत्र दीक्षांत समारंभानंतर मिळते आणि त्याचे शुल्क वेगळे भरावे लागते. मी एम. ए. साठी जळगावलाच अर्ज केला आणि जुलै २०२५ मध्ये प्रवेश झाला. या वेळी शिष्यवृत्तीच्या अर्जाबरोबर थेट लाभाच्या खात्याची पोच पहिल्याच दिवशी जोडली आहे. ज्यांना प्रॅक्टिकलचे जर्नल किंवा मराठी-इंग्रजी संज्ञांची वही पाहायची असेल त्यांनी धरणगाव स्टेशनवर सकाळच्या गाडीच्या वेळी मला भेटावे. दोन्ही माझ्या पिशवीत असतात.